टूलमध्ये हिरवी खूण, प्रोग्रॅममध्ये एरर

आमच्या डेटाबेसचं मशीन बदललं आणि आयडीईमधलं, म्हणजे कोड लिहायच्या टूलमधलं, डेटाबेस पॅनेल बंद पडलं. जुन्या मशीनवर पोस्टग्रेस या डेटाबेसची बरीच जुनी आवृत्ती होती, नव्यावर १४ नंतरची. टेबलं तीच, डेटा तोच. पत्ता बदलला आहे, पासवर्ड नवे आहेत, तेवढं सेटिंगमध्ये बदलून घ्या, असं स्थलांतराच्या मेलमध्ये लिहिलेलं. त्या एका ओळीच्या पोटात बरेच बदल दडले होते आणि ते एकेक करून, आपापली एरर घेऊन बाहेर आले.

'टेस्ट कनेक्शन' दाबलं की टूल म्हणायचं, 'कुड नॉट कनेक्ट'. का, कुठे, कशामुळे, काही नाही. अशा चौकटीकडे बघून अंदाज बांधत बसण्यात अर्थ नसतो. मूळ एरर टूलने गिळलेली असते आणि ती लॉगमध्ये मिळते. एक्लिप्सवर बेतलेल्या टूलमध्ये वर्कस्पेसच्या आत '.मेटाडेटा' फोल्डरात '.लॉग' नावाची फाइल असते. बाकीच्यांत बहुधा हेल्प मेनूत लॉग दाखवण्याची सोय सापडते. तिथे जावाची लांबलचक स्टॅक ट्रेस, म्हणजे एरर कुठून कुठे आली त्याची यादी, पडलेली असते, ती खालून वाचायची. वरच्या ओळी टूलच्या, मग कनेक्शन पूलच्या (उघडी कनेक्शन सांभाळणारा भाग), मग ड्रायव्हरच्या (डेटाबेसशी प्रत्यक्ष बोलणारा भाग). प्रत्येकाने खालच्याची एरर आपल्या कागदात गुंडाळून वर पाठवलेली. कामाचं असतं ते शेवटचं 'कॉज्ड बाय'.

आमच्याकडे तळाशी होतं 'नो सूटेबल ड्रायव्हर'. ते वाचताच टीममधल्या एकाने ड्रायव्हरची जार फाइल (जावाच्या तयार कोडचं पाकीट) पुन्हा उतरवायला घेतली. त्याचा उपयोग होणार नव्हता. जेडीबीसी ही जावाची डेटाबेसशी बोलायची ठरलेली पद्धत. तिचा ड्रायव्हर मॅनेजर नोंदवलेल्या प्रत्येक ड्रायव्हरला यूआरएल दाखवतो आणि विचारतो, हा पत्ता तुझा का? सगळे नाही म्हणाले की ही एरर. म्हणजे ड्रायव्हर जागेवर नसला तरी हीच येते आणि ड्रायव्हर जागेवर असून त्याला यूआरएल ओळखता आली नाही तरीही हीच. दोन्हींतला फरक ओळखायचा एक जुना उपाय आहे: कोडमध्ये 'क्लास.फॉरनेम' लिहून ड्रायव्हरचा क्लास नावाने मागायचा. जार नसेल तर 'क्लास नॉट फाउंड' येतं, असेल तर काहीच होत नाही. २००६ मध्ये जावा ६ बरोबर जेडीबीसी ४.० आलं, तेव्हापासून या ओळीची गरज उरली नाही. ड्रायव्हर आपोआप सापडतो. पण निदानासाठी ती अजूनही कामाची आहे.

क्लास सापडला. मग दोष यूआरएलकडे. मेलमधली यूआरएल 'पोस्टग्रेस://' ने सुरू होणारी, मध्ये युजर, पासवर्ड आणि ॲट चिन्ह असलेली होती. पीएसक्यूएल हे पोस्टग्रेसचं कमांड-लाइन टूल आणि इतर भाषांतल्या कितीतरी लायब्ररी ती आनंदाने घेतात, मेल पाठवणाऱ्याकडे ती चालतही होती. जावाच्या ड्रायव्हरला मात्र 'जेडीबीसी:पोस्टग्रेएसक्यूएल://' ने सुरू होणारी हवी, आणि युजर-पासवर्ड होस्टच्या आधी नकोत. तेवढं बदललं आणि एरर बदलली. एरर बदलणं ही अशा कामात चांगली बातमी असते. आपण एक दार ओलांडून पुढच्या दाराशी आलो, एवढा त्याचा अर्थ.

पुढच्या दारावर 'कनेक्शन रिफ्यूज्ड'. 'रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' या दोन एरर लोक एकाच सुरात सांगतात, 'कनेक्टच होत नाहीये'. दोन्ही नेटवर्कच्याच, पण दुखणं वेगळं. रिफ्यूज्ड म्हणजे आपलं पॅकेट बहुतेक त्या मशीनपर्यंत पोहोचलं, आणि त्या पोर्टवर कुणी ऐकत नाही असं स्पष्ट उत्तर लगेच आलं. टाइम्ड आउट म्हणजे उत्तरच आलं नाही; वाटेत फायरवॉलने पॅकेट गुपचूप टाकून दिलं असावं किंवा पत्ताच भलता असावा. रिफ्यूज्ड क्षणात येतं, टाइम्ड आउट वाट बघायला लावतं, त्यामुळे मेसेज न वाचताही फरक कळतो. टाइम्ड आउट असेल तर नेटवर्कवाल्यांकडे जायचं, रिफ्यूज्ड असेल तर आधी डेटाबेसवाल्यांकडे.

हे तपासायला टूलची गरज नाही, किंबहुना टूल मध्ये नसलेलंच बरं. लिनक्सवर 'एनसी', विंडोजच्या पॉवरशेलमध्ये 'टेस्ट-नेटकनेक्शन'. पोस्टग्रेसबरोबर येणारं 'पीजी_इझरेडी' तर याच कामासाठी आहे. पासवर्ड न मागता सर्व्हर कनेक्शन घेतोय की नाही तेवढं सांगतं. आमच्या बाजूने ते सांगत होतं, उत्तर नाही. डेटाबेस सांभाळणाऱ्या डीबीए मॅडमना फोन केला.

"इथून तर चालतंय," त्या म्हणाल्या.

"मॅडम, इथून म्हणजे त्याच मशीनवरून का?"

"हो, सर्व्हरवर लॉगिन करूनच बघतेय." मग क्षणभर थांबून स्वतःच म्हणाल्या, "थांबा, लिसन ॲड्रेस बघते."

पोस्टग्रेस नव्याने इन्स्टॉल केलं की सर्वसाधारणपणे फक्त लोकलहोस्टवर ऐकतं. ५४३२ पोर्ट उघडा असतो, पण १२७.०.०.१ या पत्त्यापुरता. बाहेरच्याला तो बंदच दिसणार. 'लिसन_ॲड्रेसेस' बदलून सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, नुसता रीलोड पुरत नाही. तो त्यांनी रात्री केला.

सकाळी नवा मेसेज: 'नो पीजी_एचबीए.कॉन्फ एंट्री फॉर होस्ट', पुढे एक आयपी पत्ता, युजरचं नाव, डेटाबेसचं नाव. मला ही एरर मनापासून आवडते. ती सर्व्हरने स्वतः पाठवलेली असते, म्हणजे नेटवर्कची तक्रार संपली. शिवाय सर्व्हरला आपण कोण दिसलो ते ती नेमकं सांगते. माझ्या मशीनवर दिसणारा आयपी आणि मेसेजमधला आयपी वेगळे होते, कारण व्हीपीएनमधून बाहेर पडताना पत्ता बदलत होता. परवानगीच्या फाइलमध्ये, म्हणजे पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये, टाकायचा तो मेसेजमधला, माझ्या मशीनवरचा नव्हे. त्या फाइलमध्ये ओळींचा क्रमही महत्त्वाचा: वरून पहिली जुळणारी ओळ लागू होते आणि शोध तिथेच थांबतो. त्या ओळीने नकार दिला तर खालच्या उदार ओळीचा काही उपयोग नाही. इथे मात्र रीलोड पुरतो, रीस्टार्ट नको.

आणि मग आली ती एरर, जिने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. 'द ऑथेंटिकेशन टाइप १० इज नॉट सपोर्टेड'. पुढे ड्रायव्हरचा सल्लाही होता: पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये क्लायंटचा आयपी आहे का ते तपासा, आणि तिथली पद्धत ड्रायव्हरला चालणारी आहे का ते बघा. सल्ल्याचा पहिला अर्धा भाग वाचून निम्मी टीम पुन्हा त्याच फाइलकडे धावली. साप साप म्हणून भुई धोपटणं ते हेच. खरा इशारा दुसऱ्या अर्ध्या भागात आणि त्या १० या आकड्यात होता.

सर्व्हर क्लायंटला सांगतो की ओळख कशी पटवायची, आणि ते सांगताना एक आकडा पाठवतो. ३ म्हणजे साधा पासवर्ड, ५ म्हणजे एमडी५ ही जुनी पद्धत, १० म्हणजे एसएएसएल हा सांगाडा, ज्यातून स्क्रॅम-शा-२५६ ही पद्धत चालते. स्क्रॅम पोस्टग्रेसमध्ये २०१७ साली आवृत्ती १० बरोबर आली, आणि २०२१ मध्ये आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड मुळातच त्या पद्धतीने साठवले जाऊ लागले. जावाच्या ड्रायव्हरला स्क्रॅम कळायला लागलं ४२.२.० या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून. त्याआधीचा ड्रायव्हर १० हा आकडा बघून सरळ हात वर करतो. नव्या मशीनवर सगळ्यांचे पासवर्ड सुरक्षेच्या नियमाप्रमाणे नव्याने ठेवले होते, म्हणून ते स्क्रॅममध्ये साठले गेले. पासवर्ड नव्याने न ठेवता जुने हॅश (पासवर्डची साठवलेली रूपं) जसेच्या तसे नेले असते, तर या गोष्टीला वेगळं वळण लागलं असतं.

एका सहकाऱ्याने सुचवलं, पीजी_एचबीए.कॉन्फमध्ये स्क्रॅमच्या जागी एमडी५ लिहू, संपलं. मॅडमनी चाचणीच्या सर्व्हरवर ते करूनही दाखवलं. एरर तीच, टाइप १०. कारण तिथे एमडी५ लिहिलेलं असलं तरी युजरचा पासवर्ड स्क्रॅममध्ये साठवलेला असेल, तर पोस्टग्रेस आपण होऊन स्क्रॅमच वापरतं. खरोखर मागे जायचं तर 'पासवर्ड_एन्क्रिप्शन' बदलून प्रत्येक युजरचा पासवर्ड पुन्हा ठेवावा लागतो. शक्य आहे, पण एका जुनाट जार फाइलसाठी सर्व्हरची सुरक्षा खाली आणायची हा सौदा मला मुळीच पटत नाही, आणि मॅडमनाही पटला नाही.

तर ड्रायव्हर नवा घ्यायचा. जार उतरवली, टूलच्या ड्रायव्हर सेटिंगमध्ये जोडली, 'टेस्ट कनेक्शन' दाबलं. टाइप १०.

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या होत्या. टूल स्वतःबरोबर पोस्टग्रेसचा एक ड्रायव्हर घेऊन आलं होतं, ९.४ मालिकेतला. नवी जार यादीत खाली जोडली गेली, जुनी वर राहिली, आणि दोन्हींत एकाच नावाचा क्लास असल्यामुळे आधी सापडेल तो लोड झाला. दुसरं, एकदा लोड झालेला ड्रायव्हर टूल रीस्टार्ट होईपर्यंत मेमरीत तसाच राहिला. विंडोजवर चालू टूलने उघडून ठेवलेली जार फाइल काढताही येत नाही. आवृत्तीच्या आकड्यानेही गोंधळात भर टाकली. या ड्रायव्हरची गणती २०१७ मध्ये ९.४.१२१२ वरून एकदम ४२.०.० वर गेली, सर्व्हरच्या आवृत्तीशी तिची सांगड कुणी घालू नये म्हणून. पण ती सांगड लोक घालतातच. जुन्या ड्रायव्हरचं नाव ९.४ म्हणजे तो ९.४ च्या सर्व्हरसाठीच, आणि ४२ हे काहीतरी दुसरंच, असं टीममधल्या दोघांना वाटत होतं.

कोणती जार खरोखर लोड झाली हे अंदाजाने ठरवायचं नसतं, विचारायचं असतं. मी दहा-बारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला. तो ड्रायव्हर मॅनेजरकडून नोंदवलेल्या सगळ्या ड्रायव्हरची यादी घेतो, प्रत्येकाचा क्लास कोणत्या फाइलमधून आला तो पूर्ण पाथ छापतो, ड्रायव्हरची आवृत्ती छापतो, जावाची आवृत्ती आणि तिचं फोल्डर छापतो, आणि मग कनेक्ट करतो. ड्रायव्हरची आवृत्ती विचारायला कनेक्शन लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं. प्रोग्रॅम लिहायचा नसेल तर जावाला '-व्हर्बोज:क्लास' हा पर्याय देऊन चालवलं की प्रत्येक क्लास कुठून उचलला ते दिसतं. ओळी हजारो येतात, त्यातून पोस्टग्रेस शोधून काढायचं. जुनी जार ड्रायव्हरच्या नोंदीतून काढली, टूल बंद करून पुन्हा उघडलं, आणि हिरवी खूण आली.

प्रोग्रॅम मात्र अजून जोडला जात नव्हता.

माझ्या मते हा सगळा विषय इथे येऊन ठेपतो. टूलमधलं 'टेस्ट कनेक्शन' आणि आपण लिहिलेला प्रोग्रॅम हे दोन वेगळे क्लायंट आहेत. एकाच खिडकीत दिसतात म्हणून ते एक वाटतात, पण टूल स्वतःच्या जावावर चालतं, स्वतःच्या फोल्डरातला ड्रायव्हर वापरतं, स्वतःच्या रकान्यांतून युजर-पासवर्ड घेतं. प्रोग्रॅमची जावा वेगळी, ड्रायव्हर बिल्ड फाइलमधून (प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररींची यादी असते ती) आलेला, पासवर्ड कॉन्फिगरेशनमधला. टूलची हिरवी खूण एवढंच सांगते की सर्व्हर जिवंत आहे आणि या मशीनवरून एक तरी वाट मोकळी आहे.

प्रोग्रॅमच्या वाटेवर तीन धोंडे निघाले. बिल्ड फाइलमध्ये ड्रायव्हरची आवृत्ती आम्ही लिहिलेलीच नव्हती. कुठल्यातरी लायब्ररीच्या मागोमाग ती आत आली होती, आणि जुनी होती. मेव्हन या बिल्ड टूलमध्ये 'डिपेंडन्सी:ट्री' चालवलं की कोण कुणाच्या मागून आलं ते दिसतं. मेव्हन या झाडात आपल्या प्रोग्रॅमला सगळ्यात जवळची आवृत्ती निवडतं, सगळ्यात नवी नव्हे. म्हणून हवी ती आवृत्ती आपल्या फाइलमध्ये उघड लिहून टाकली.

ड्रायव्हर नवा झाला तसं दुसरं निघालं: 'कुड नॉट ओपन एसएसएल रूट सर्टिफिकेट फाइल'. प्रोग्रॅमच्या यूआरएलमध्ये वर्षानुवर्षं 'एसएसएल=ट्रू', म्हणजे कनेक्शन एन्क्रिप्ट करा, असं होतं. ड्रायव्हरच्या ४२.२.५ पासून त्याचा अर्थ 'व्हेरिफाय-फुल' असा झाला, म्हणजे सर्टिफिकेट विश्वासू कडीतून आलंय का आणि त्यावरचं होस्टनेम आपण लिहिलेल्या होस्टशी जुळतंय का, दोन्ही तपासायचं. आणि मूळ सर्टिफिकेट तो जावाच्या नेहमीच्या साठ्यात शोधत नाही. लिनक्सवर होम फोल्डरातल्या '.पोस्टग्रेएसक्यूएल' मध्ये 'रूट.सीआरटी' या नावाने शोधतो. मॅडमकडून ती फाइल घेतली आणि यूआरएलमध्ये तिचा पाथ दिला. तरी होस्टनेम पटेना, कारण कॉन्फिगरेशनमध्ये आयपी पत्ता होता आणि सर्टिफिकेटवर नाव. आयपी काढून नाव लिहिलं.

याच ठिकाणी बहुतेक जण तपासणी बंद करणारा पर्याय टाकून मोकळे होतात. इतर डेटाबेसांतही हेच दिसतं. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरचा जावा ड्रायव्हर २०२२ मध्ये १०.२ पासून एन्क्रिप्शन आपण होऊन मागू लागला, आणि तेव्हापासून 'पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड' या सर्टिफिकेट न पटल्याच्या एररवर 'ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट=ट्रू', म्हणजे न तपासता मान्य करा, हे उत्तर हातोहात फिरतं. स्वतःच्या मशीनवरच्या चाचणीच्या डेटाबेसला ते ठीक आहे. पण कॉन्फिगरेशन ही कॉपी होणारी गोष्ट आहे; आज चाचणीत टाकलेला पर्याय उद्या खऱ्या सर्व्हरच्या फाइलमध्ये जाऊन बसतो आणि मग तो काढायची कुणाची छाती होत नाही.

तिसरा धोंडा पासवर्डचा. टूलमध्ये चालणारा तोच पासवर्ड प्रोग्रॅममध्ये 'पासवर्ड ऑथेंटिकेशन फेल्ड' देत होता. नव्या पासवर्डमध्ये '&' हे चिन्ह होतं. टूलमध्ये पासवर्डला वेगळा रकाना, त्यामुळे तिथे अडचण नाही. प्रोग्रॅममध्ये तो यूआरएलच्या शेपटीत लिहिलेला, आणि तिथे '&' म्हणजे पुढचं पॅरामीटर सुरू. अर्धाच पासवर्ड सर्व्हरकडे जात होता. त्याऐवजी '%२६' लिहिता येतं, पण पासवर्ड यूआरएलमध्ये न ठेवता वेगळी प्रॉपर्टी म्हणून देणं जास्त शहाणपणाचं, कारण यूआरएल लॉगमध्ये सहज छापली जाते. ही एरर क्लायंटला मुद्दामच मोघम दिली जाते. युजर अस्तित्वात नाही, की पासवर्ड ठेवलेलाच नाही, की चुकला, ते फक्त सर्व्हरच्या लॉगमध्ये 'डिटेल' या ओळीत येतं. म्हणून या टप्प्यावर सर्व्हरचा लॉग बघू शकणारा माणूस फोनवर हवा.

कंटेनरमधल्या, म्हणजे मशीनच्या आतल्या वेगळ्या बंद डब्यात चालणाऱ्या, प्रोग्रॅमच्या प्रतीचं दुखणं लवकर उमगलं. कॉन्फिगरेशनमध्ये विकासकांनी चाचणीसाठी 'लोकलहोस्ट' लिहिलेलं होतं, आणि कंटेनरच्या आत लोकलहोस्ट म्हणजे तो कंटेनरच.

रिपोर्ट बनवणाऱ्या सहकाऱ्याची तऱ्हा याहून वेगळी. त्याचं टूल ओडीबीसीवर, म्हणजे जेडीबीसीसारख्याच दुसऱ्या पद्धतीवर, चालणारं. डीएसएन (कनेक्शनची नाव देऊन जपलेली सेटिंग) बनवलेला, तिथल्या 'टेस्ट' बटणाने होकार दिलेला, आणि टूलमध्ये 'आर्किटेक्चर मिसमॅच'. विंडोजवर ओडीबीसीची दुनिया ३२ बिट आणि ६४ बिट अशी दुभंगलेली आहे, आणि नावं उलटी: सिस्टिम३२ फोल्डरातला 'ओडीबीसीएडी३२' हा ६४ बिटांचा, आणि सिसवाव६४ फोल्डरातला त्याच नावाचा प्रोग्रॅम ३२ बिटांचा. टूल ३२ बिटांचं असेल तर ड्रायव्हर आणि डीएसएन दोन्ही ३२ बिटांचे लागतात, विंडोज ६४ बिटांचं असलं तरी. डेव्हलपमेंटच्या टूलमध्येही हा प्रश्न वर्षानुवर्षं होता; व्हिज्युअल स्टुडिओ ६४ बिटांचा झाला तो २०२२ च्या आवृत्तीत. सहकाऱ्याने सिसवाव६४ मधून नवा डीएसएन बनवला आणि त्याचे रिपोर्ट सुरू झाले.

तो पाथ छापणारा छोटा प्रोग्रॅम आता आमच्या रिपॉझिटरीत आहे. कुणी 'कनेक्ट होत नाही' म्हणालं की आधी त्याचं आउटपुट मागतो. टूलचं अपडेट आलं की त्याची जुनी जार पुन्हा ड्रायव्हरच्या नोंदीत येऊन बसते, म्हणून नव्या ड्रायव्हरची नोंद आम्ही वेगळ्या नावाने केली आहे आणि सगळी कनेक्शन तिच्यावर बांधली आहेत.